अक्काला आकडा फुटला

“सात साते?” मी विचारलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली होती, डावीकडचे ओठ तेवढे कामाला लागले होते. फळ्यापुढे उभं केलेलं मूल डोळे बारीक करून उत्तर शोधतं, तशी ती शोधत होती. छत्तीस वर्षं तिनं नगरपालिकेच्या शाळेत मुलांना असं उभं केलं होतं. आता तिचा धाकटा भाऊ तिला पाढे विचारत होता.

“ए... एकोणपन्नास.”

स्वच्छ, खणखणीत. अर्धांगाचा झटका येऊन दीड महिना झाला होता आणि त्या दीड महिन्यात तिच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं, देवाचं निघालं नव्हतं, ‘आई गं’ही निघालं नव्हतं. पाढे मात्र निघत होते.

“एकोणपन्नास,” खिडकीबाहेरून कुणीतरी म्हणालं.

मी दचकून वळलो. खिडकीला अर्धा पडदा होता, त्यावर डोकं दिसलं नाही. बोळातून चपला फटफटत पळत गेल्याचा आवाज तेवढा आला. कुणी टवाळ असेल म्हणून मी गप्प बसलो. टवाळांना बोलायचं धैर्य मला कधीच नव्हतं.

हे बार्शीतलं, वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. मी तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द मोठा आहे. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटली तर चिकटवायची, आणि दुपारी एका छापखान्याची मुद्रितं तपासायची, एवढंच माझं काम. मी अविवाहित, अक्का अविवाहित. घरी आम्ही दोघंच.

चपला कुणाच्या होत्या, ते संध्याकाळी कळलं. शेजारच्या शेवंताबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. त्या डाळ मिलमध्ये निवडणीच्या कामाला जायच्या, तुरीतले खडे आणि काड्या निवडायला, आणि सकाळी जाण्याआधी अक्काला आंघोळ घालून जायच्या. ते काम मी करू शकत नव्हतो. थोरल्या बहिणीच्या अंगावरचं लुगडं भाऊ कसं फेडणार? पहिले दोन दिवस मी ओल्या पंच्यानं तिचे हात आणि तोंड पुसलं होतं आणि बाकीचं तसंच राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी शेवंताबाई आपणहून आत आल्या, मला म्हणाल्या, “काका, तुमी भायेर व्हा,” आणि कडी लावून घेतली. त्यांचे उपकार फेडणं मला शक्य नव्हतं आणि हे त्यांना नाही तरी मला पक्कं ठाऊक होतं.

“बाईंना पेढा द्या आदी,” त्या म्हणाल्या. “एकोणपन्नास लागला!”

“काय लागला?”

“अवो, आकडा! सकाळी आंगुळीला येत हुते, खिडकीतनं ऐकलं, एकोणपन्नास. मला कसं झालं काय सांगू, अंगावर काटाच आला. म्हन्लं, वाचा गेली अन् आकडा तेवढा ऱ्हायला, ही काय साधी गोष्ट हाय? तशीच पळाले पोपटच्या दुकानात.”

पोपट लामतुरे आमच्या बोळाच्या तोंडाशी पूर्वी सायकली भाड्यानं द्यायचा. आता तिथं निळ्या काचा बसवून त्यानं लॉटरीचं सेंटर टाकलं होतं. आत दोन कॉम्प्युटर. दर पंधरा मिनिटांनी सोडत. शून्य शून्यपासून नव्याण्णवपर्यंत कुठलाही दोन अंकी आकडा लावायचा. दारावर पाटी होती: ‘आज नाही तर उद्या.’

“शेवंताबाई,” मी म्हणालो, “ती पाढे म्हणते हो. तो व्यायाम आहे. निकम मॅडमनी सांगितलाय.”

“असू द्या की. पाढा तर पाढा. पन तितंच का थांबल्या बाई? छप्पन्न का न्हाई म्हन्ल्या?”

“मी सात साते विचारलं म्हणून.”

“मग तुमच्या तोंडून त्यानंच इचारून घेतलं,” त्या म्हणाल्या आणि वर बोट दाखवलं.

मी पेढ्यांचा पुडा घेतला.

निकम मॅडम म्हणजे सोलापूरहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या वाचा-उपचाराच्या बाई. वय तिशीच्या आतलं. अक्काला हलवता येत नव्हतं म्हणून घरी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं होतं की मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली तरी वर्षानुवर्षं घोकलेलं तोंडात शिल्लक राहतं. कुणाचा हरिपाठ राहतो, कुणाच्या शिव्या राहतात. अक्काचे पाढे राहिले. “पण पाढे म्हणजे बोलणं नव्हे,” त्या म्हणाल्या. “ती शिडी आहे. शिडीवरून त्यांना शब्दांवर उतरवायचंय. पहिले तीन-चार महिने सोन्यासारखे आहेत, नंतर फार थोडं परत येतं. एक करा. त्या एखादा शब्द म्हणाल्या, कसाही, अर्धामुर्धा, तर ती वस्तू त्याच क्षणी त्यांच्या हातात द्या. शब्दानं काम होतं, हे त्यांना कळलं पाहिजे. आणि काय काय बोलतात ते रोज लिहून ठेवा.”

मी दोनशे पानी वही आणली आणि तारीख घालून लिहू लागलो. लिहिणं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईंबरोबर आणखी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी शिंपीकाम करणारा रामलिंग आला, केळी घेऊन. “बाईंनी मला दुसरीत शिकिवलंय,” तो म्हणाला. ते खरं असेल. पण तो आजारपणाच्या पहिल्या दीड महिन्यात आला नव्हता, हेही मला आठवलं. तरी मी त्याला खुर्ची दिली. आमच्या घरी कुणी येत नसे. मी कुणाकडे जात नसे, त्यामुळे येण्याचा प्रश्नच नव्हता. आता दारात चपलांचा ढीग पडायचा आणि माणसं “काका, बाईंचं कसं हाय?” असं विचारत आत यायची. मला ते आवडत होतं. लिहायला कसंसंच वाटतं, पण आवडत होतं.

आठवड्याभरात व्यायाम माझ्या हातून गेला. रामलिंग अक्काच्या उशाशी बसून विचारायचा, “बाई, तेरा सक?” अक्का म्हणायची, “अठ्ठ्याहत्तर.” की दोघं उठून पळायचे. मागे उरलेले म्हणायचे, “तुझा झाला, आता माझा.” पेढा तिच्या ओठांपर्यंत न्यायचा आणि आकडा येईपर्यंत धरून ठेवायचा, ही युक्ती कुणाची ते मला ठाऊक नाही. लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरायची. अक्का पेढ्याकडे बघायची, मग त्या माणसाकडे, मग माझ्याकडे. मी वहीत लिहायचो: ‘अठ्ठ्याहत्तर. स्पष्ट.’

बहुतेक आकडे अर्थातच लागत नव्हते. शंभरात एक लागणार, हे अक्कानं दुसरीच्या मुलालाही समजावलं असतं. पण त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. तिनं छत्तीस म्हटलं आणि त्रेसष्ट आला, तर बाईंनी उलटा सांगितला होता. पुढचा आला, तर बाई एक पाऊल मागे होत्या. काहीच जुळलं नाही, तर सकाळी येऊन तिलाच बोलायचे.

“काल का फसवलंत बाई?” रामलिंग तिच्या अंगठ्याला धरून हलवत म्हणाला. “गरिबाला फसवू ने.”

“अरे, तिला कळतंय का काही?” मी म्हणालो. कदाचित पुटपुटलो असेन. त्यानं ऐकलं नाही.

एक बाई अक्काच्या पायावर डोकं ठेवून रडली आणि जाताना दारातच दुसरीला म्हणाली, “वास मारतुय गं खोलीत.” गुटख्याचा, केळ्याच्या सालींचा, माणसांचा वास होता तो. त्यात तिच्या ओल्या कपड्यांचा मिसळलेला असायचा, कारण एवढ्या लोकांसमोर शेवंताबाई कपडे बदलणार कशा? मला शिसारी यायची. मी वाचनालयात जाऊन बसायचो. वर्तमानपत्राला लिहायचं म्हणून एक पत्रही मी जुळवलं, ‘गोरगरिबांच्या घामावर चालणारा हा जुगार’ असं सुरू होणारं. चांगलं झालं होतं. पाठवलं नाही. मी स्वतः आयुष्यात एकही तिकीट घेतलं नव्हतं. या सगळ्या चिखलात आपले हात कोरडे आहेत, असं मी स्वतःला सांगत असे.

मग पोपट आला. त्यानं फळं आणली नाहीत. पिवळ्या कागदाची एक पातळ पुस्तिका आणली.

“काका, तुमी वाचणारं माणूस,” तो म्हणाला. “हे जरा बघा. आमच्या गिऱ्हाइकांना वाचता येत न्हाई धड, अन् छापलंय बी असलं भिकार.”

ते कोष्टक होतं. स्वप्नात काय दिसलं, कानावर कोणता शब्द पडला, वाटेत काय आडवं गेलं, त्याचा कोणता आकडा धरायचा याचं. साप सत्तावीस, लग्न एकोणीस, मांजर अडतीस, पाणी चार, दूध चौदा. नऊच्या पुढे ‘प्रेम’ छापलं होतं आणि त्याखाली स्मशान, तिरडी वगैरे मंडळी होती. मी हसलो.

“इथे ‘प्रेत’ हवं,” मी म्हणालो.

“आं? तरीच!” पोपट मांडीवर थाप मारून म्हणाला. “चार लोकं नऊवर बुडाली माझी. प्रेमात पडली आन् नऊ लावला!”

सगळे हसले. मीही. आणि खिशातलं लाल पेन काढून मी ‘म’चा ‘त’ केला. मग पुढच्या चुका दिसू लागल्या. चुकीचं छापलेलं माझ्यानं बघवत नाही, तो माझा धंदाच होता. दोन दुपारी बसून मी पूर्ण पुस्तिका तपासली. तपासता तपासता पाठ झाली. त्यानंतर बोळातून जाताना माणसं मला थांबवू लागली. “काका, म्हातारीनं झाडू मारला सपनात, कितीला हाय?” मी सांगायचो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे विचारल्यावर जसं सांगायचो, तसंच. पोपट म्हणायचा, “आमचे काका म्हंजे चालतं-बोलतं कोष्टक.” चाळीस हजार पुस्तकांमध्ये तीस वर्षं काढली, पण माझ्या वाचण्याचा कुणाला उपयोग आहे असं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं.

तो बुधवार होता. मार्चचा शेवट, दुपारचे तीन-सव्वातीन. वाचनालय बुधवारी अर्धा दिवस असायचं, म्हणून मी घरी होतो. खोलीत आठ-नऊ माणसं. पोपटसुद्धा दुकान कुणावर तरी टाकून आला होता. शेवंताबाई त्या दिवशी कामाला गेल्या नव्हत्या. हल्ली त्या वरचेवर जात नसत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. माझ्या कोपराशी स्टुलावर तांब्या-पेला होता.

“बाई, सतरा नवे?” रामलिंग म्हणाला.

“त्ये शंभराच्या वर जातंय की रं,” कुणीतरी म्हणालं. “दोन आकडी इचार.”

“चौदा पाचे?”

अक्कानं तोंड फिरवलं. रामलिंगनं पेढा पुढे केला. तिनं डाव्या हातानं तो ढकलला. तो चादरीवर पडला, रामलिंगनं उचलून, फुंकर मारून पुन्हा तिच्या तोंडाशी नेला. अक्का मान वळवून लोकांच्या डोक्यांमधून काहीतरी शोधू लागली. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. ओठ सुकून पांढरे पडले होते. पंखा गरम हवाच फिरवत होता.

“पा,” ती म्हणाली.

“पाच?” रामलिंग पुढे झुकला. “पाच काय, पाच? पंचवीस?”

अक्कानं मान हलवली. नाही. डोळे माझ्यावरच. तिची मान, तिची डावी मूठ, सगळं अंग त्या एका गोष्टीमागे लागलं होतं.

“पा... पाणी.”

शेवंताबाईंनी तोंडावर हात ठेवला. दोन महिन्यांनी आलेला तो पहिला शब्द होता. मला आनंद झाला, एवढं आठवतं. आणि मग पोपट खुर्चीतून अर्धवट उठून माझ्याकडे वळला.

“काका! पाणी कितीला हाय?”

“चार,” मी म्हणालो.

विचारलं आणि सांगितलं. पापणी लवली नाही. आजवर मी शंभर वेळा स्वतःला सांगून पाहिलंय की ती नुसती सवय होती. पण माझ्या आवाजात उत्तर पाठ असलेल्या मुलाची ऐट होती, हेही मला चांगलं आठवतं.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी आली, मग गेली. मग तिनं अगदी सावकाश, विचारल्यासारखं म्हटलं, “चार?”

खोली फुटली. “चार! पुन्हा चार!” “पानी म्हन्ली ते बी चार, अन् तोंडानं बी चार! डबल आला!” “असा आकडा आजपतुर आला न्हवता!” “साडेतीनची सोडत गाठा, चला, चला!” कुणाचा तरी पाय केळ्याच्या सालीवर पडला, कुणी कुणाच्या चपला घातल्या. शेवंताबाई जाता जाता माझ्यापाशी थांबल्या.

“काका, नक्की ना? पानी म्हंजी चारच ना?”

“हो,” मी म्हणालो. “छापलंय तसं.”

त्या पदर खोचून पळाल्या. आणि मी, ज्यानं कधी तिकीट घेतलं नाही तो मी, तांब्याच्या शेजारून निघून त्यांच्या मागे गेलो. मला फक्त बघायचं होतं. आपला आकडा येतो का ते. ‘आपला’ हाच शब्द तेव्हा माझ्या मनात होता.

निळ्या काचांच्या आत मी पहिल्यांदाच गेलो. माणसं एकमेकांच्या पाठीवर रेलली होती. पोपट कॉम्प्युटरवर चार चार चार असं बडवत होता. शेवंताबाई सगळ्यात पुढे होत्या. साडेतीन वाजता पडद्यावर एक्काहत्तर आला.

“लागंल, लागंल,” पोपट म्हणाला. “शब्द पडलाय त्यांचा. पुढच्या सोडतीला लागंल. आता मागं सरू नका.”

पावणेचारला बासष्ट आला. मी आणखी एक सोडत थांबलो. मग घामाच्या वासात उभं राहवेना म्हणून घरी आलो.

अक्का तशीच पडून होती. मला बघून तिची मान उचलली गेली.

“चार,” ती म्हणाली.

“नाही लागला, अक्का,” मी म्हणालो.

“चार.”

“नाही गं आला. एक्काहत्तर आला, मग बासष्ट.” मला वाटलं, तीही विचारतेय. सगळ्यांच्या संगतीनं तिलाही नाद लागला असेल. मला हसू आलं. मी साली गोळा केल्या, चपलांनी आलेली माती झाडली. ती मधून मधून म्हणत होती, “चार. चार.” मी “हो, हो,” म्हणत होतो. वहीत मी लिहिलं: ‘पाणी! पहिला शब्द. नंतर पुन्हा आकडे.’ सहा वाजता गोळीची वेळ झाली, तेव्हा मी पेला भरून तिच्या तोंडाला लावला. तिनं तो असा गटागटा संपवला की निम्मं पाणी मानेवरून उशीत गेलं. मी दुसरा भरला. तोही संपला.

चार त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी रामलिंग दारातूनच ओरडला, “बुडवलंस की बाई! अख्ख्या गल्लीला बुडवलंस!” तिला ‘अगं-तुगं’ करून. तो आत आला नाही, केळीही आली नाहीत. पोपटानं पुस्तिका परत मागवून घेतली. पुढे कानावर आलं की स्टँडजवळ एक मुका बसतो, तो बोटांनी आकडे दाखवतो, लोक तिकडे जातात.

शेवंताबाई दोन दिवस आल्या नाहीत. ओल्या पंच्यावर आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या आणि नेहमीसारखं “भायेर व्हा” म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळा दोरा होता, त्यात हळकुंड बांधलेलं.

“मंगळसूत्र?” माझ्या तोंडून गेलं.

“पॉलिशला टाकलंय,” त्या म्हणाल्या.

बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग कडी निघाली आणि त्या हात पुसत बाहेर आल्या. उंबऱ्यात थांबल्या.

“काका, एक इचारू का? त्या पुस्तकात तुमी लाल पेनानं लई नीट केलं हुतं. पानी चार, ते मूळचं हुतं का तुमी केल्यालं?”

“मूळचंच होतं.”

“मग त्यांचंच चुकलं असंल छापताना,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर राग न्हाई. तुमी म्हन्लं म्हनून मी सगळंच लावलं हुतं. दुसरा कुनी म्हन्ला असता तर न्हवतं लावलं.” आणि त्या मिलमध्ये गेल्या. संध्याकाळी त्यांच्या घरातून नवऱ्याचा आवाज आणि भांडं आपटल्याचा आवाज येत होता. मी आमची खिडकी लावून घेतली.

पुढच्या आठवड्यात निकम मॅडम आल्या. मी त्यांना वही दाखवली. ‘पाणी’ वाचून त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी अक्काचा हात धरून टाळी दिली.

“काका, हे फार मोठं आहे. आता बघा तुम्ही. शब्द एकदा आला की तो परत येतो. त्या म्हणाल्या तेव्हा लगेच पाणी दिलंत ना?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून चित्रांचे पत्ते काढले. पहिला गाईचा. अक्का गप्प. चपलेचा. गप्प. घराचा. तिचे ओठ हलले, काही आलं नाही. मग निकम मॅडमनी पाण्यानं भरलेल्या पेल्याचं चित्र समोर धरलं.

अक्काचा चेहरा एकदम उजळला. झटक्यानंतर मी तो तसा पाहिला नव्हता. उत्तर पक्कं येत असलेल्या मुलासारखा. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणत होती, हे मला येतं, हे तू सांगितलंयस. मग निकम मॅडमकडे बघून ठामपणे म्हणाली:

“चार.”

“नाही बाई, आकडे नकोत आता. हे काय आहे? पा...”

“चार.” अक्कानं डाव्या हाताच्या बोटानं चित्रातल्या पाण्यावर टकटक केलं. “चार. चार.”

मी तेव्हा समजलो. बुधवारची दुपार माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाजूनं उलगडली. शब्दांवरचा विश्वास उडालेली, आपण बोलतो ते बरोबर की चूक हे कळेनासं झालेली बाई जिवाच्या आकांतानं एक शब्द वर काढते. खोलीतला एकच शिकलेला माणूस, तिचा भाऊ. तो तिच्याकडे बघून, सगळ्यांदेखत, ठणठणीत आवाजात म्हणतो, चार. म्हणजे आपला शब्द चुकला. ज्याला ‘पाणी’ म्हणालो, त्याला ‘चार’ म्हणतात. तिनं विचारूनही घेतलं होतं, “चार?” आणि मी नाही म्हणालो नव्हतो. जन्मभर मुलांच्या चुका सुधारलेली अक्का, आपली चूक सुधारून शिकली होती. आणि त्या दुपारी अडीच तास तिनं बरोबर शब्द वापरून पाणी मागितलं होतं.

“असं का म्हणतायत या?” निकम मॅडम माझ्याकडे वळल्या. “हे ‘चार’ कुठून आलं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्या पुन्हा अक्काकडे वळल्या. “बाई, बघा माझ्याकडे. हे चार नाही. हे पाणी. पा-णी.”

अक्कानं मान हलवली. नाही. पोरगी शिकलेली दिसते, पण हिला एवढंही येत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. तू सांग हिला.

“काका, तुम्ही सांगा त्यांना,” निकम मॅडमही म्हणाल्या. “तुमचं ऐकतील त्या.”

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी उठलो. तांब्यातून पेला भरला आणि अक्काच्या हातात दिला. तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरला, आणि पिण्याआधी निकम मॅडमकडे बघून, दुसरीतल्या मुलीला समजवावं तसं, हळू आणि प्रेमानं म्हणाली, “चार.”